आजोबा शुद्धीवर येतात

"ही उशी आहे की वीट?"

ओठ न हलवता काका पुटपुटले. मी पलंगाच्या उशाशी, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने जमिनीवर बसले होते, एका हातात पावडरचा पफ आणि दुसऱ्या हातात पाण्याचा फवारा घेऊन, त्यामुळे ते मलाच ऐकू आलं. पलंगाच्या पलीकडे मालिकेतली नात त्यांचा हात गालाशी धरून रडत होती. "आजोबा, एकदा तरी डोळे उघडा हो," असं ती विनवत होती, आणि आजोबा, म्हणजे सगळं युनिट ज्यांना काका म्हणायचं ते, डोळे मिटून माझ्याशी उशीबद्दल बोलत होते.

"गप्प बसा," मी तितक्याच हळू म्हटलं.

"गप्पच तर आहे. अडीच वर्षं झाली."

साउंडवाल्याच्या कानावर हे सगळं जायचंच. तो कधी बोलायचा नाही, नंतर हळूच काढून टाकायचा. पण त्याने एकदा मला सांगितलं होतं की आजोबांच्या कोमातल्या तक्रारी तो पुसत नाही, बाजूला ठेवतो. कधी उदास वाटलं की ऐकतो म्हणे.

दिग्दर्शिकेने "कट" म्हटलं. तिला सगळे मॅडम म्हणायचे, वयाने ती माझ्या धाकट्या बहिणीएवढी. काकांनी डोळे उघडले, नातीला विचारलं, "हात जड नाही ना लागत माझा?" आणि उठून बसले. पांढरीशुभ्र दाढी, बारीक केलेले केस, गालांवर मीच रंगवलेला फिकटपणा. आजारी माणसाचा रंग लावायला रोज माझा बराच वेळ जायचा, कारण काकांची प्रकृती ठणठणीत होती. भूकही ठणठणीत. चहाच्या वेळी ते मेकअप न पुसता दोन उकडलेली अंडी खायचे, तेव्हा नवीन आलेली माणसं दचकायची.

काका चरित्र अभिनेते. हा शब्द त्यांना आवडत नसे. ते म्हणायचे, "नायक दारातून आत येतो. ते दार कुणीतरी उघडावं लागतं. ते मी." न्यायाधीश, जेलर, स्टेशनमास्तर, ऑपरेशननंतर बाहेर येऊन मान हलवणारे डॉक्टर, नायिकेचे बाप. रस्त्यात लोक त्यांना ओळखायचे, पण नाव आठवायचं नाही. "अहो, तुम्ही ते हे ना?" असं विचारायचे. काका म्हणायचे, "हो, तोच हा मी."

तरुणपणी त्यांना अख्खी इंडस्ट्री 'टेप' म्हणायची. टेपरेकॉर्डरमधला टेप. स्वतःचे संवाद तर पाठ असायचेच, पण समोरच्याचेही, आणि त्या दिवशी ज्याचं काम नाही त्याचेही. एका मोठ्या नायकाला पाठांतराचा कंटाळा. भावनेचा प्रसंग असला तरी तो चेहरा पिळवटून नुसते आकडे म्हणायचा, एक, दोन, तीन, चार, आणि डबिंगच्या वेळी त्यावर शब्द बसवायचा. आई गेल्याची बातमी त्याने काकांना अशीच सांगितली होती. काका ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. "मी 'सत्तावीस, अठ्ठावीस' ऐकून ढसाढसा रडलोय. मग मनात म्हटलं, आपल्यावर अशी वेळ आली तर त्या दिवशी दुकान बंद."

हे ऐकून सगळे हसायचे. मीही पूर्वी हसायचे.

आजोबा कोमात कसे गेले, ते सांगायला हवं. मालिकेत ते घरातले कर्ते पुरुष होते. रोज जेवणाच्या टेबलावर बसून सगळ्यांना चार शहाणपणाचे शब्द सांगायचं त्यांचं काम. एकदा अशाच प्रसंगात ते अडले. साधं वाक्य होतं, घराच्या किल्ल्यांबद्दलचं. सुरुवात करायचे, अर्ध्यावर थांबायचे, आणि मग गोड हसून ताटातल्या पावाकडे बघायचे, जणू पुढचं वाक्य त्यात आहे. पुन्हा केलं. पुन्हा. जेवणाची वेळ झाली नव्हती तरी मॅडमनी जेवणाची सुट्टी दिली. नंतर काकांच्या पाठीमागून फक्त नातीचा चेहरा घेतला आणि किल्ल्यांबद्दलचं वाक्य नातीलाच देऊन टाकलं. असं चार-सहा वेळा झालं. लाइटवाले म्हणाले, "गरमी फार आहे." मॅडम म्हणाल्या, "वाक्यच अवघड होतं." लेखक म्हणाला, "हो, वाक्यरचना माझीच चुकली." ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा स्वल्पविराम चुकलेला कबूल केला नव्हता, तो हे म्हणाला.

आणि पुढच्याच आठवड्यात लेखकाने आजोबांना जिन्यावरून पाडलं.

पडण्याचं काम दुसऱ्या माणसाने केलं. काका फक्त खाली झोपले. डोक्याला मी लाल रंग लावला. त्यानंतर आजोबा कोमात. कोणी ढकललं हे गुपित. धाकट्या मुलावर संशय, आणि अख्खं कुटुंब पलंगाभोवती येऊन आपापली पापं कबूल करून जातंय. लोकांना ते फार आवडलं. काकांना रोज सकाळी न्यायला गाडी यायची, दिवसभर झोपायचं, संध्याकाळी परत. एकही शब्द बोलायचा नाही. सगळ्या युनिटने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तो कशाबद्दल सोडला हे कोणी कोणाला सांगितलं नाही.

पण झोपायचं म्हणून काका नुसते झोपत नसत. नात रडायची तेव्हा त्यांच्या पापणीखाली बुबुळ किंचित हलायचं. थोरली सून खोटं बोलायची तेव्हा श्वास अडायचा, अगदी एवढासा. मी उशाशी बसून बघायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "झोपलेला माणूस ऐकत असतो गं. आणि ऐकणं हेच खरं काम. बोलणं काय, कोणीही बोलतं."

तर त्या दिवशी उशीची तक्रार झाली, चहा झाला, आणि लेखक पोटावर हात ठेवून आला. त्याला पित्ताचा त्रास. वाहिनीकडून काही आलं की तो वाढायचा.

"वाहिनीचं म्हणणं आहे, आता पुरे," तो मॅडमना म्हणाला. मी तिथेच ब्रश धूत होते. "आजोबांना उठवा, नाहीतर कायमचं झोपवा. लोक कंटाळले."

मॅडमनी कप खाली ठेवला. "उठवलं तर बोलावं लागेल."

"एकच वाक्य ठेवलंय."

"केवढं?"

त्याने वाचून दाखवलं. "धाकट्याला बोल लावू नका. मला कोणी ढकललं नाही. मीच पडलो."

"आणखी छोटं कर ना."

"यापेक्षा छोटं म्हणजे खोकला."

"आणि ते जमलं..." मॅडम थांबल्या. "ते नीट झालं, तर?"

"तर मग व्हीलचेअर देऊ. अधूनमधून एखादं 'हं', एखादं 'नको'. वर्षभर तरी चालेल." त्याने पोट दाबलं. "आणि नाही, तर भिंतीवर फोटो."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे ही बातमी काकांना मी सांगायची, हे ठरलं. मेकअपवालीचं हे असतं. माणूस आरशासमोर डोळे मिटून बसलेला असतो, त्याला नको ते सांगायला ती जागा बरी.

पण काका खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "उठतोय मी? कधी?"

"येत्या गुरुवारी."

"मला ठाऊकच होतं. मी कधीचा विचार करून ठेवलाय. हे बघ, सिनेमात माणूस शुद्धीवर येतो तेव्हा आधी डोळे उघडतो. चूक. आधी करंगळी. मग श्वासाची लय बदलते. मग जीभ टाळूला चिकटलेली सुटते. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते उघडले तरी दिसत काही नाही. बघणं नंतर येतं." त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं. "आणि संवाद?"

मी त्यांना कागद दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, आणि हसले. "एवढाच? हा तर चहाचा घोट आहे."

रविवारी मी त्यांच्या घरी गेले, केस आणि दाढी जरा सारखी करायला. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, खिडकीत कुंड्या, भिंतीवर एकही फोटो नाही. काका म्हणायचे, "दिवसभर माझंच तोंड लोकांना दाखवतो, घरी तरी सुटका." काकू टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या, आणि सोलता सोलता मालिकेतली नात झाल्या होत्या.

"आजोबा, तुम्हाला कोणी ढकललं?" काकू आपल्या साठीतल्या आवाजात विचारत होत्या.

"धाकट्याला," काका म्हणाले. "धाकट्याला..."

"बोल," काकू म्हणाल्या.

"बोल लावू नका. मला कोणी ढकललं नाही. मीच पडलो." ते माझ्याकडे वळले. "बघ. घोट."

"छान," मी म्हटलं.

काकू पूर्वी फार बोलायच्या नाहीत. काकांच्या गप्पांत त्या बशी उचलायला येऊन जायच्या. पण अलीकडे त्या पुढे पुढे बोलायला लागल्या होत्या. काका म्हणायचे, "अगं, त्या दिवशी आपण त्या ह्याच्याकडे..." आणि काकू म्हणायच्या, "दातांच्या डॉक्टरकडे." काका म्हणायचे, "मला ती दे, ती..." आणि काकूंनी चष्म्याची डबी आधीच पुढे केलेली असायची. बाहेरच्या माणसाला वाटावं, किती जुना संसार आहे, अर्ध्या शब्दात कळतं. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं.

मी केस कापत असताना काकांना डुलकी लागली. काकू माझ्याशेजारी येऊन खाली पडलेले केस गोळा करायला लागल्या.

"म्हणतील ना गं?" त्यांनी विचारलं.

"एवढंसं तर वाक्य आहे, काकू."

"तेच तर." त्यांनी केस कागदात गुंडाळले. "मला त्या मालिकेचं काही पडलेलं नाही. बघतही नाही मी, किती रडतात ती माणसं. पण सकाळी खाली गाडीचा हॉर्न वाजला की हे उठतात, दाढीवरून कंगवा फिरवतात, स्वतः बटणं लावतात. रविवारी हॉर्न वाजत नाही, तर बारा वाजेपर्यंत गादीवर बसून असतात. विचारतात, आज कुठे जायचंय?" त्या जरा थांबल्या. "थकतात. वय झालं."

"हो ना. वय झालं," मी म्हटलं.

एवढंच आम्ही दोघी बोललो, आणि दोघींनाही वाटलं, आपण फार बोललो.

दुपारी त्यांना 'सातवं जहाज'च्या खेळाला जायचं होतं. काकू मला म्हणाल्या, चल तूही. जुनं थिएटर होतं, खुर्च्यांचे स्पंज बाहेर आलेले. 'सातवं जहाज' हा काकांचा तरुणपणचा भुताखेतांचा सिनेमा. समुद्र म्हणून निळं प्लास्टिक, जहाज म्हणून टबातलं खेळणं, आणि रबराचा एक अजस्र ऑक्टोपस, ज्याचे दोन पाय आयत्या वेळी चालेनात म्हणून नायिकेनेच ते हाताने स्वतःभोवती गुंडाळून घेतले होते. सिनेमा आठवडाभरही चालला नव्हता. आणि आता कॉलेजची पोरं महिन्यातून एकदा थिएटर भरून तो बघतात. त्याला कल्ट म्हणतात. काका म्हणायचे, "तेव्हा 'पडला' म्हणायचे."

काका त्यात दीपगृहाचे राखणदार. फार तर दहा मिनिटांचं काम. कंदील घेऊन येतात, जिना चढतात, वर दिवा लावतात. नायक विचारतो, इथे इतकी जहाजं का बुडतात? आणि काका कंदील वर धरून म्हणतात, "मी फक्त दिवा लावतो. जहाजं का बुडतात, ते समुद्राला विचारा."

हे वाक्य पोरांच्या टीशर्टवर होतं. काका पडद्यावर जिना चढायला लागले तसे सगळ्यांनी मोबाइलचे दिवे वर धरले. त्यांनी तोंड उघडलं, आणि अख्खं थिएटर त्यांच्याबरोबर बोललं. पडद्यावरचे काका त्या गलक्यात ऐकूच आले नाहीत. नुसते ओठ हलले. माझ्या शेजारी काकांचेही हलत होते.

खेळ संपल्यावर त्यांना स्टेजवर बोलावलं. निळे केस असलेली एक मुलगी माइक घेऊन उभी होती. "सर, एकदा म्हणाल? प्लीज?"

काकांनी हात वर उचलला, कंदील धरल्यासारखा. रिकामाच हात, पण आपल्याला कंदिलाचं वजन दिसावं असा. "मी फक्त..." ते म्हणाले, आणि थांबले.

काकूंनी माझं मनगट धरलं.

पण थिएटर थांबलं नव्हतं. सगळी पोरं एका आवाजात म्हणाली, "दिवा लावतो!" आणि पुढचंही सगळं त्यांनीच म्हटलं, आणि टाळ्या वाजवल्या, आणि काका हात तसाच वर धरून हसत उभे राहिले. थांबले ते मुद्दाम, असंच सगळ्यांना वाटलं. किती मुरलेला नट, कुठे थांबायचं ते बरोबर कळतं.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बघितलंस? एवढे प्रॉम्प्टर मला नाटकात मिळाले असते, तर मी कुठल्या कुठे गेलो असतो."

काकू हसल्या. मग बराच वेळ पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या, आणि काही न काढता त्यांनी ती बंद केली.

गुरुवारी काकू सेटवर आल्या. इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या. थर्मास घेऊन कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "इकडे बाजारात आले होते." जवळपास बाजार नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बरं केलंत."

एरवी दिवे लावले की लाइटवाले बाहेर विडीकाडीला जायचे. आज कोणी हललं नाही. ड्रायव्हरही आत येऊन भिंतीशी उभा राहिला. काकांना नवीन उशी दिली होती, मऊ. त्यांनी ती दाबून बघितली. "आता कशाला? जाता जाता?"

कॅमेऱ्याच्या बाजूला एक फळा उभा केला होता. त्यावर लेखकाने स्वतः मोठ्या अक्षरात वाक्य लिहिलं होतं. काकांनी तिकडे बघितलं.

"ते काय आहे?"

"असंच," मॅडम म्हणाल्या. "नातीसाठी."

"नातीसाठी," काका म्हणाले. "पण मला चष्म्याशिवाय ते दिसणार नाही. आणि अडीच वर्षं बेशुद्ध माणूस चष्मा लावून उठला, तर लोक हसतील. नाही का?"

फळा कोणीतरी हळूच उलटा करून ठेवला.

शॉट सुरू झाला. आधी करंगळी. मी उशाशी बसले होते, पण माझ्याच अंगावर काटा आला, इतकी ती हलली न हलल्यासारखी हलली. मग श्वास. मग गळ्यातली शीर. जीभ टाळूपासून सुटल्याचा तो बारीकसा आवाज. आणि मग डोळे. ते उघडले, पण त्यांत कोणी नव्हतं. मग हळूहळू, दूरच्या खोलीतून कोणी चालत यावं तसे काका त्या डोळ्यांत आले, आणि त्यांनी नातीला बघितलं. नातीला रडायला ग्लिसरीन लागलं नाही.

"आजोबा," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी ढकललं?"

काकांनी तोंड उघडलं.

मॅडम वाट बघत राहिल्या. कॅमेरा वाट बघत राहिला. काका नातीकडे प्रेमाने बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर, मी लावलेल्या पावडरीखालून घाम वर येत होता.

"कट. फार सुंदर, काका. आपण फक्त वाक्याचा भाग पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. "धाकट्याला," काका म्हणाले, आणि थांबले. पुन्हा. "धाकट्याला बोल..." पुन्हा. एकदा तर सगळं आलं, फक्त 'धाकट्या'ऐवजी 'थोरल्या'. लेखक लगेच म्हणाला, "चालेल, मी गोष्ट फिरवतो." मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. कोपऱ्यात काकूंचे ओठ हलत होते. वाक्याचा एकेक शब्द त्या हवेतून इकडे ढकलत होत्या, घरी टेबलावरून डबी पुढे करावी तसा.

मग एका वेळी नातीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कोणी ढकललं?" आणि काकांचा चेहरा एकदम स्वच्छ झाला. त्यांनी हात उचलला, कंदिलाचं वजन सांभाळत, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी फक्त दिवा लावतो. जहाजं का बुडतात, ते समुद्राला विचारा."

एक लाइटवाला हसला. सवयीने. मग त्याचं हसू मध्येच तुटलं, आणि सेटवर पंख्याचा आवाज तेवढा उरला. नात मात्र त्यांचा हात धरून तशीच बसून होती. ती कॅमेऱ्यासाठी बसली नव्हती.

काकांनी हळूच हात खाली घेतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, मग पोटावर ठेवला.

मॅडम पलंगाजवळ आल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. त्यांचा स्वर इतका मऊ होता की मला मान वळवावीशी वाटली. "काका, असं करू या का? चेहरा तर तुम्ही अप्रतिम दिलाय. तुम्ही नुसते आकडे म्हणा. एक, दोन, तीन, चार. ओठ हलले की झालं. आवाज आपण नंतर सावकाश बसवू. डबिंगला काकू असतील शेजारी."

त्या लहान आहेत. ती आकड्यांची गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती. मी ऐकली होती. लाइटवाल्यांनी, ड्रायव्हरने, साउंडवाल्याने ऐकली होती. आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो. काकूंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं, ते आधीच घट्ट होतं तरी.

काका हसले. त्यांचं नेहमीचं हसू, रस्त्यात लोकांना द्यायचं.

"माझा चष्मा दे गं," ते मला म्हणाले.

मी दिला. तो लावून ते उठून बसले, पाय पलंगाखाली सोडले. कॅमेरा चालूच होता. कॅमेरामनने बंद करायला हात पुढे केला, तसे काका म्हणाले, "असू दे. त्याला काय."

मग त्यांनी विचारलं, "आमचे लेखकमहाराज कुठायत?"

लेखक पुढे आला. पोटावर हात.

"तुम्ही मला जिन्यावरून पाडलंत ना, त्या दिवशी मी घरी जाऊन हिला म्हटलं, लेखक भला माणूस आहे."

"तसं काही नव्हतं हो, काका. गोष्टीला गरज होती."

"हो, हो. गोष्टीला." काकांनी मान डोलावली. "आता गोष्टीला असं करू या. आजोबांना जाऊ द्या. उठलेत, नातीला बघितलंय, पुष्कळ झालं. तो पहिला शॉट चांगला झालाय ना? मग झालं. त्याच्यापुढे मी मरतो. मरणं मला येतं. आजवर किती मेलोय, ह्या ताईला विचारा, तिनेच रक्त लावलंय. त्याला संवाद लागत नाही."

"पण काका, का?" मॅडम म्हणाल्या. डोळे पुसतच म्हणाल्या. "सगळं छान चाललंय. उद्या घेऊ. आज गरम आहे फार."

"आज गरम नाहीये," काका म्हणाले. "का, ते तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. अडीच वर्षं ठाऊक आहे. मी डोळे मिटून होतो, कान नव्हते मिटलेले." त्यांनी एकेकाकडे बघितलं, लेखकाकडे, मॅडमकडे, ड्रायव्हरकडे, माझ्याकडे, आणि शेवटी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे. "सगळे माझी वाक्यं सांभाळत बसलात. ते एक वाक्य मात्र कोणी म्हणेना. मग आता मलाच म्हटलं पाहिजे."

त्यांनी पाठ ताठ केली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला आता..." ते म्हणाले, आणि थांबले.

काकूंचे ओठ उघडले. पुढचा शब्द त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसला. काका त्यांच्याकडे बघत होते. काकूंनी ओठ मिटले.

काका वाट बघत होते की शोधत होते, मला माहीत नाही. पण घाम नव्हता. पंखा फिरत होता.

"मला आता पाठ राहत नाही," काका म्हणाले. सावकाश, एकेक अक्षर स्वच्छ, अगदी भिंतीशी उभ्या ड्रायव्हरपर्यंत पोचेल असं.